पेढ्यातली गोळी

—नाई नाई भाऊ, बसा, तुमचा नंबर अजून लांब आहे. आमची गुड्डी आत डॉक्टरकडं गेली ना मायसंग, वेळ लागन. नात माही. मी तुलाराम, अड्याळचा. तिले काय झालं म्हणता? अन्ननळीले सूज. काहून? तर म्हणे दुधाची ॲलर्जी! बाप्पा, दारात दोन म्हशी अन् नातीले दूधच वैरी! भाताचा घास छातीत अडके, मंग भडाभडा ओके. आम्ही आधी नजर उतरवली, मंग जंताचं औषध पाजलं — शेवटी नागपूरले नेऊन घशातून नळी टाकली, आतला तुकडा काढून तपासला, तवा समजलं. एवढीशी पोट्टी, आता नळीचं नाव काढलं का माह्या धोतराले लटकते.

डॉक्टर म्हणे, दूध बंद. दही, ताक, लोणी, तूप — सारं बंद. अन् रोज एक गोळी. मी लय कडक! बुडीनं — माही बायको, चंद्रभागाबाई — वरणात तुपाचा थेंब सोडला, तं मी ताटच उचललं. तरी सूज काही उतरत नाई! मंग मीच डॉक्टरले बाजूले घेऊन सांगतलं — साहेब, सुनेवर ध्यान ठेवा, मायचं काळीज आहे, चोरून पाजत असन. सून माही, रीता, आत रडून राहिली, आयकू येते ना? डॉक्टर रागावून राहिले तिच्यावर. अन् आता म्हणतेत, पुन्हा नळी टाकू.

गोळी? ते खातं माह्याकडं! रीताच्या हातची पोट्टी थुंकून टाके. मी काय केलं — हसू नका — पेढा घेतला, त्याच्या पोटात गोळी लपवली, म्हटलं आ कर... गट्ट! मऊ असते, अडकतही नाई. आता तेच मांगते, 'आबाजी, गोळी द्या ना.' एक दिवस चुकवला नाई मी. हा पाहा, बंडीच्या खिशात आजचाही आहे. घरी कोणाले सांगतलं नाई, आमचं दोघायचं गुपित. अन् औषधाले कायचं पथ्य, भाऊ?

असे काहून पाहून राहिले माह्याकडं? पेढा कायचा असते म्हणजे? खव्याचा. अन् खवा कायचा? खवा तं... चुलीवर आटवून आटवून...

...

धरा हा पेढा. खाऊन टाका तुम्ही. अन् सरका जरा, भाऊ — मले आत जाऊ द्या.