गुरुजींचं पवित्र शास्त्र

(नाशिक, १९९७. शरणपूर रोडवर निवृत्त मेट्रन वत्सलाबाईंची ओसरी. समोर रामकुंडावरचे तीर्थोपाध्याय गंगाधरपंत, मांडीवर तांबड्या फडक्यात बांधलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल.)

वत्सलाबाई : ते फडकं आधी सोडा गुरुजी. पुस्तकाला बँडेज केल्यासारखं दिसतंय.

गंगाधर : सोवळ्यातलं फडकं आहे सिस्टर. पोथी उघडी ठेवत नाहीत.

वत्सलाबाई : पोथी नाही हो ती. आणि आत हे काय, तुळशीचं पान?

गंगाधर : खूण घातलीय. लेवीय, अध्याय अकरा.

वत्सलाबाई : लेवीय? मी तुम्हाला लूक सांगितलं होतं. चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, औषधासारखं. नवख्यानं लूकपासून सुरुवात करावी.

गंगाधर : लूक येईल त्याच्या पाळीनं. मी पहिल्या पानापासून निघालोय. एकंदर अध्याय अकराशे एकोणनव्वद. रोज तीन वाचले तर तेरा महिने आणि वर थोडे दिवस. आधी सप्ताहच करणार होतो, पण दिवसाला एकशे सत्तर पडत होते. घसा राहिला नसता.

वत्सलाबाई : घसा? तुम्ही मोठ्यानं वाचता?

गंगाधर : मग कसं वाचतात? सकाळी स्नान, धाबळी, समई, चौरंगावर ग्रंथ. एकदा बसलं की मध्ये उठणं नाही, बोलणं नाही. परवा नांदगावचे यजमान श्राद्धासाठी आले होते. मी वाचनात, म्हणून बिचारे ओटीवर हात जोडून बसले. तिन्ही अध्याय ऐकले, चौरंगापाशी नारळ ठेवला आणि मग विचारलं, गुरुजी, हे कुठलं पुराण?

वत्सलाबाई : आणि तुम्ही काय सांगितलंत?

गंगाधर : परदेशचं म्हणालो. खोटं नाही बोललो.

वत्सलाबाई : अहो, पण उत्पत्तीतल्या त्या वंशावळींपाशीच लोक दमतात. याला तो झाला, त्याला हा झाला. तुम्हाला झोप नाही आली?

गंगाधर : झोप? सिस्टर, मला गहिवरून आलं. आमचं घराणं आठ पिढ्या दुसरं करतंय काय? यजमान तीर्थाला आला की कोण, कुठला, कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, हे नामावळीच्या वहीत उतरवायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. तुमचा पाचवा अध्याय वाचला आणि वाटलं, अरे, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस. काय स्वच्छ नोंद. पहिला मुलगा झाला तेव्हा बापाचं वय काय, मरताना वय काय, सगळं जिथल्या तिथे. तो मथुशलह तर नऊशे एकोणसत्तर वर्षं जगला. आमच्या वहीत सर्वांत म्हातारे पिंपळगाव बसवंतचे एक यजमान, एकशे दोन. त्यांच्याही वयाबद्दल माझ्या आजोबांना शंका होती.

वत्सलाबाई : मी चाळीस वर्षं संडे स्कूल घेते. तो अध्याय आला की मुलांना सांगते, पान उलटा.

गंगाधर : असं करू नका. एवढ्या कष्टानं लिहिलंय कुणीतरी. गावाचं नाव घालायला मात्र विसरलाय. आणि लेवीय म्हणजे तर आमचं माजघरच. हे खायचं, ते खायचं नाही. मेलेल्या जनावराला शिवलं तर संध्याकाळपर्यंत ओवळं, कपडे धुवायचे. उपाध्यायाला नैवेद्यातला कुठला वाटा, हेसुद्धा ठरवून दिलंय. ती बोकडाच्या बळीची भानगड तेवढी सोडली तर माझी आजी सुखानं नांदली असती त्यात.

वत्सलाबाई : गुरुजी, एक सांगते, पाळकसाहेबांच्या कानावर घालू नका. लेवीय मी अख्खं कधी वाचलेलं नाही.

गंगाधर : तुम्ही?

वत्सलाबाई : सुरू केलं होतं. मग नाइट ड्यूटी लागली. म्हणून तर म्हणते, नवख्या माणसानं आधी लूक घ्यावं. येशूचा जन्म, त्याचे दाखले, सोप्या गोष्टी. मागचं मागाहून वाचता येतं.

गंगाधर : गाळून वाचलं की पारायणाला दोष लागतो. तुमच्या ग्रंथातही तसंच आहे. मी शेवटचं पान बघितलंय.

वत्सलाबाई : म्हणजे क्रम मोडलात की.

गंगाधर : फलश्रुती आधी बघितलेली चालते. माणसानं वाचायचं कशासाठी, हे कळायला नको? तिथे सरळ तंबी आहे की यात कुणी भर घालू नये आणि यातलं काही काढू नये. मग मी लेवीय कसं काढू?

वत्सलाबाई : या माणसाला हर्नियाच्या ऑपरेशनला भूल देतानासुद्धा डॉक्टर असेच टेकीला आले होते. या, मालिनीताई, या. बघा तुम्हीच.

मालिनी : आहेत ना इथे? वाटलंच मला. पंचवटीतून इथपर्यंत रिक्षानं आले. अहो, आपल्या स्वरदाचा फोन आला होता.

गंगाधर : बरी आहे ना?

मालिनी : बरी आहे. येत्या रविवारी सकाळी नऊला बाळाचा बाप्तिस्मा आहे, इथेच, पलीकडच्या चर्चमध्ये. म्हणाली, आजोबांना सांग. ‘बाबांना’ असं नाही म्हणाली. आजोबांना.

गंगाधर : वत्सलाबाईंसमोर हा घरातला विषय कशाला?

वत्सलाबाई : माझ्यासमोरच काढा. तुम्ही वाचनाचं विचारायला आलात त्या पहिल्या बुधवारपासून ठाऊक आहे मला. नाशिक केवढं, त्यात आमची मंडळी केवढी? सातपूरच्या कारखान्यातला आमचा धनराज, त्याची बायको ती तुमची स्वरदा. तुम्ही आपण होऊन सांगाल म्हणून गप्प बसले होते. तुम्ही उंट ओवळा का आणि ससा ओवळा का, हेच विचारत राहिलात.

मालिनी : दोन वर्षं झाली लग्नाला, बाई. हे भांडले असते तर बरं झालं असतं, भांडण मिटवता तरी येतं. हे नुसते तिच्या घरी गेलेच नाहीत. बाळ आता चार महिन्यांचं झालं. मी पाच वेळा जाऊन आले. दर वेळी हे द्वारका चौकातल्या रिक्षा स्टँडपर्यंत येतात, डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात देतात आणि माघारी वळतात.

गंगाधर : मी पाणी सोडून संकल्प केलाय. लेक कुठल्या घरात गेली ते आधी नीट समजून घेईन, ग्रंथ पुरा करीन आणि मगच त्यांचा उंबरा चढीन. यात वाईट काय आहे? उलट मान आहे त्या घराचा.

मालिनी : तेरा महिन्यांनी ना? तोवर बाळच चालत येईल तुमच्याकडे. येऊन विचारेल, आजोबा, कुठवर आलंय?

गंगाधर : चेष्टा करू नकोस.

मालिनी : चेष्टा नाही. तुम्ही त्या पुस्तकामागे लपलाय. लहान मुलं कपाटामागे लपतात तसे. पाय दिसताहेत तुमचे.

गंगाधर : हो, लपलोय. भीती वाटते मला, मालिनी. चाळीस वर्षं रामकुंडावर मी लोकांना सांगत आलो, असं बसा, इकडे तोंड करा, आता पाणी सोडा, आता नमस्कार. तिथे मला कधी उठायचं अन् कधी बसायचं, एवढंसुद्धा ठाऊक नाही. सगळ्यांच्या देखत बुजगावण्यासारखा उभा राहीन. व्याही हसतील ते एक वेळ चालेल. पोरीला माझी लाज वाटली तर?

वत्सलाबाई : सगळे उठले की उठायचं गुरुजी, सगळे बसले की बसायचं. आमचेही निम्मे लोक तसंच करतात.

गंगाधर : ते तुम्हाला सोपं आहे. संकल्प कसा मोडू?

वत्सलाबाई : बरं, नका मोडू. एक विचारू? वाचनाला क्रम असतो, हे कबूल. दुसऱ्यानं वाचलं आणि तुम्ही नुसतं ऐकलं तर?

गंगाधर : ते श्रवण झालं.

वत्सलाबाई : श्रवणाला क्रम असतो का?

गंगाधर : श्रवणाला... नाही. कीर्तनात कुठलंही आख्यान लावतात.

वत्सलाबाई : मग बसा. मालिनीताई, तुम्हीही बसा. रूथ नावाचं पुस्तक आहे, चारच अध्याय. बेथलेहेमात दुष्काळ पडला, तेव्हा एक कुटुंब उठून मवाब देशात गेलं. परका मुलूख, परके देव. आईचं नाव नामी. तिच्या दोन्ही मुलांनी तिथल्याच मुली केल्या.

मालिनी : परधर्माच्या?

वत्सलाबाई : परधर्माच्या.

गंगाधर : बाप काही बोलला नाही?

वत्सलाबाई : बाप त्याआधीच वारला होता.

मालिनी : म्हणून जमलं.

वत्सलाबाई : पुढे दोन्ही मुलगेही गेले. तीन विधवा उरल्या. नामी म्हणाली, मी माझ्या गावी परत जाते, पोरींनो, तुम्ही आपापल्या माहेरी जा. एक रडली आणि गेली. दुसरी ही रूथ. ती जाईना. म्हणाली, मला माघारी पाठवू नका, तुमची माणसं ती माझी माणसं, तुमचा देव तो माझा देव.

गंगाधर : सासूला म्हणाली?

वत्सलाबाई : सासूला.

मालिनी : स्वरदापण सासूला आई म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लागलं, खोटं कशाला बोलू? मग बाळंतपणात बघितलं, ती बाई रोज हिचे पाय चेपून देत होती. मग म्हटलं, म्हणू दे.

गंगाधर : सिस्टर, हे आख्यान तुम्ही मुद्दाम लावलंत.

वत्सलाबाई : अर्थात. पेशंट बघून डोस देतात. पुढे ऐका. सासूला पोसायला रूथ दुसऱ्यांच्या शेतात पडलेली कणसं वेचायची. शेताचा मालक बवाज, नात्यातलाच. त्यानं गावच्या दहा वडीलधाऱ्यांना साक्षीला बसवून तिच्याशी लग्न केलं. मुलगा झाला. नामीनं त्याला मांडीवर घेतलं आणि शेजारणींनी नाव ठेवलं, ओबेद. संपलं. खाली वंशावळ आहे, तेवढी सोडते.

गंगाधर : सोडता कशी? वाचा. सावकाश वाचा.

वत्सलाबाई : पेरेसाला हेस्रोन झाला. हेस्रोनाला राम झाला...

गंगाधर : काय झाला?

वत्सलाबाई : राम. तुमचा नव्हे, निराळा.

गंगाधर : असू दे निराळा. रामकुंडावरच्या माणसाला बरं वाटतं. पुढे?

वत्सलाबाई : पुढे अम्मीनादाब, नहशोन, सल्मोन, मग बवाज, त्याचा ओबेद, ओबेदाचा इशाय आणि इशायाचा दावीद. दावीद म्हणजे राजा झालेला बरं का. आणि त्याच्याच वंशात पुढे आमचा प्रभू.

गंगाधर : दहा पिढ्या. चोख आहे. आता रूथच्या वडिलांचं नाव सांगा.

वत्सलाबाई : रूथच्या? ते नाही दिलेलं.

गंगाधर : इथे नसेल. मागे कुठे असेल.

वत्सलाबाई : थांबा, चष्मा लावते. नाही हो, कुठेच नाही. हां, दुसऱ्या अध्यायात बवाज तिला म्हणतो, तू आईबापांना सोडून इकडे आलीस. म्हणजे होता जिवंत. पण नाव नाही. चाळीस वर्षं शिकवते मी हे, कुणी विचारलंच नव्हतं.

गंगाधर : जिवंत होता, आणि लेकीला मुलगा झाला, त्या वंशात राजा झाला, देव झाला, आणि याची एक ओळ नाही? नोंद करणारा एवढा बारकाईचा माणूस. विसरला नसेल तो. बाप आलाच नसेल तिकडे, मग लिहिणार काय? बसला असेल मवाबात, काहीतरी पुरं व्हायची वाट बघत.

मालिनी : अहो, पाणी घ्या.

गंगाधर : नातू झाला, हे तरी कळलं असेल का त्याला?

मालिनी : कुणी कळवलं असेल तर कळलं असेल. तुम्हाला तर कळवलंय.

गंगाधर : रविवारी नऊला म्हणालीस ना?

वत्सलाबाई : आणि पारायणाचं काय, गुरुजी?

गंगाधर : घरात सोयर आलं की पारायण थांबवतातच. शास्त्रार्थ आहे तसा. त्यात दोष नाही.

मालिनी : चार महिन्यांनी सोयर?

गंगाधर : वार्ता कळल्यापासून धरतात. मला आज कळलं.

मालिनी : मग लाडू कुणासाठी दिले पाच डबे?

गंगाधर : तू गप्प बस जरा. सिस्टर, ते चर्च. तिथे चपला कुठे काढायच्या?

वत्सलाबाई : काढत नाहीत गुरुजी. आत चालतात.

गंगाधर : मी आपल्या बाहेरच काढीन. पोर दारात आली, तर तिला ओळखीच्या दिसतील.