लेकीच्या घरचं पाणी

अहमदपूरच्या स्टँडवर माझ्या पाठीमागं एक म्हातारा बायकोला समजावून राहिला होता. लातूर नुकताच जिल्हा झालेला, अन् वर दुष्काळ.

"केवळा, ऐक. नांदेडला लेक हाय, गोदावरी हाय."

"लातुरात ल्योक हाय. आता तर जिल्ह्याचं गाव झालंय."

"जिल्हा झाला, नळ कोरडाच ऱ्हायला."

"अवो, लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये. मी जल्मात न्हाई प्याले."

"अन् लेकाच्या घरचं? सून पाण्याच्या टिपाडाला कुलूप लावून बाहेर जाती."

"हळू बोला. ती बाई ऐकून राहिली."

मी मान फिरवली, कान न्हाई.

"नांदेडची गाडी लागली. ऊठ."

"कुणी इचारलं तर लेकीच्या बाळंतपणाला चाललो म्हणा."

"लेकीला नातू झालाय गं."

"तरी बी तेच म्हणा."