एकाच डोंगरावरचे दोन तेरडे

मुलुंड कॉलनीच्या स्टॉपवर नेत्राची बस आली होती, पण पुढे उभ्या बापलेकीचं बोलणं ऐकता ऐकता तिने ती सोडून दिली. लेकीच्या हातात मागच्या डोंगरावरून आणलेली, गुलाबी फुलांची दोन रोपं होती.

"बाबा, ह्याची पानं बारीक, गुळगुळीत. त्याची रुंद, लवदार. म्हणजे दोन उपजाती. उद्या मॅडमना तसंच सांगणार."

"श्रुतिका, दोन्ही तेरडेच गं."

"तेरडेच, पण उपजात वेगळी! कॉलेजात अजून कुणालाच सापडली नाहीये."

"हा कातळावरचा, उन्हातला. तो ओढ्याकाठचा, सावलीतला. आमच्या गावी एकाच तेरड्याचं बी दोन्हीकडे उडायचं."

"पुस्तकात असं नाहीये."

"मग पुस्तक मीट, आणि ह्या कातळावरच्याचं अगदी खालचं पान बघ. मातीजवळचं."

"रुंद आहे."

"हात लाव."

"लव आहे रे बाबा! आणि वरची पानं गुळगुळीत. एकाच रोपावर दोन्ही!"

"मग?"

"मग काय, वाट लागली माझ्या उपजातीची."

"रडतेस की हसतेस?"

"हसतेय. मॅडमना हेच जास्त आवडेल. थांब, चिठ्ठी लिहिते. तेरडा, कातळावरचा. ओळख पटवणारे, राजेश सहदेव परब."

"माझं नाव? कॉलेजात?"

"हो. वाळवलेल्या रोपाबरोबर कायमचं कॉलेजच्या कपाटात राहणार."

"मग अक्षर नीट काढ. बसची घाई नाही आपल्याला."