रिपोर्टातली बाईक

मोहोपाड्याला फ्लॅट घ्यायचं ठरलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. खालापूरच्या बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, "तुमचा क्रेडिट स्कोअर कमी आहे. कर्ज मिळेल, पण व्याज एक टक्का जास्त लागेल. बाईकच्या कर्जाचे हप्ते थकलेत ना तुमचे."

मी आयुष्यात बाईक घेतलेली नाही. डोक्यात एकच नाव आलं, पळसदरीचा माझा मेहुणा संजू. सिम घ्यायचंय म्हणून त्यानं माझ्या आधार-पॅनच्या झेरॉक्स नेल्या होत्या, आणि पुढच्याच महिन्यात त्याच्या दारात नवी बाईक उभी होती.

मॅडमनी क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन तक्रार करायला सांगितलं. "नोंद चुकीची निघाली तर काढतील आणि स्कोअर सुधारेल. खरी असली तर तशीच राहील."

तक्रार केली. उत्तर येईपर्यंत संजूचा एकही फोन घेतला नाही. बायकोला सांगून टाकलं, "तुझ्या भावाचंच काम हाय हे."

"त्याला इचारून तरी बघा," ती म्हणाली. मी विचारलं नाही.

महिन्यानं उत्तर आलं. कर्ज माझ्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं होतं, पॅन नंबर टाकताना एक अक्षर चुकलं होतं. नोंद काढून टाकली, स्कोअर वर आला, मॅडमनी तो एक टक्का कमी करून दिला.

मग संजूला फोन करून सगळं कबूल केलं.

"दाजी," तो म्हणाला, "त्या कंपनीला तुमी लेखी इचारलंत. मला नुसतं तोंडानं इचारायचं व्हतं."