दाराकडे तोंड असलेलं जहाज

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे या स्टुडिओचे संचालक महोदय. व्यासपीठावर विराजमान दिग्दर्शिकाबाई. आजचे सत्कारमूर्ती, नमुना विभागाचे प्रमुख, ज्यांना या आवारात कोणी नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही ते आपले मिस्त्री. पहिल्या रांगेत अगदी कडेची खुर्ची हट्टाने धरून बसलेल्या वहिनी. आणि शेजारच्या खोलीतल्या कपबशांचा आवाज आल्यापासून माझ्या भाषणाच्या लांबीबद्दल चिंतेत पडलेल्या रसिक श्रोतेहो,

मला दिलेला विषय आहे 'उडत्या जहाजांच्या पाठलागाचा थरार आणि मिस्त्रींचे योगदान'. वेळ दिली आहे दहा मिनिटं. वीस वर्षं मी एका दैनिकाच्या चित्रपट-पानाचा वार्ताहर आहे, त्यामुळे कमी जागेत जास्त विशेषणं बसवण्याची मला सवय आहे. लहानपणी मात्र पाठशाळेत संस्कृत शिकलो, आणि कुठलीही गोष्ट व्याख्येपासून सुरू करण्याची खोड तिथली. तेव्हा आधी व्याख्या. पाठलाग म्हणजे काय? पुढे पळणारा, मागून येणारा आणि दोघांमधलं अंतर. पहिल्या दोघांची नावं पडद्यावर येतात. थरार मात्र तिसऱ्यात असतो, आणि ते अंतर घडवणारा माणूस इथे हार गळ्यात घालून अवघडून बसला आहे.

आपण प्रेक्षक म्हणून काय पाहतो? काळ्या ढगांतून एक जहाज निघतं. शिडं फुगलेली, दोन्ही बाजूंना पंख, मागे शत्रूचं जहाज, खाली सुळके. आपण खुर्चीचा हात घट्ट धरतो. शेजारचा हात शेजाऱ्याचा निघाला तर तोही धरतो. आणि प्रत्यक्षात काय असतं? प्रत्यक्षात जहाज पळतच नाही. ते हातभर लांबीचं लाकडी जहाज तारांना टांगलेलं, जागच्या जागी उभं असतं. पळतात ते ढग, म्हणजे पिंजलेला कापूस, आणि पळतो तो कॅमेरा. शिडावर पंखा सोडतात. लहान वस्तू फार चुळबुळतात म्हणून चित्रण वेगाने करतात, म्हणजे पडद्यावर तेच शीड संथ, जड, महाकाय हलतं. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मिस्त्रींना म्हणालो, "मिस्त्री, ही तर शुद्ध माया आहे." ते म्हणाले, "माया नाही, ती प्लायवूड आहे. हात लावू नका, रंग ओला आहे."

हे शेवटचं वाक्य मी जन्मभर लक्षात ठेवायला हवं होतं.

असो. या चित्रपटासाठी मिस्त्रींनी चौदा महिने खपून जहाज बांधलं. वहिनी एकदा मला म्हणाल्या, "भावजी, त्या जहाजाला एकदा घरी जेवायला बोलवा. त्याच्या मागोमाग हे तरी वेळेवर येतील." चौदा महिने का? कारण जहाज एक नव्हतं, दोन होती. पाठलागाचं जहाज नेहमी जोडीनं बांधतात. एक उडायचं, एक फुटायचं. उडणारं भक्कम असतं, तारांचा ताण आणि पंख्याचा झोत सोसणारं. फुटणाऱ्याला आतून करवतीचे काप देतात आणि ते मेणाने बुजवतात, म्हणजे सुळक्यावर आपटलं की ते कथेला हवं तिथेच दुभंगतं. बाहेरून मात्र दोघांत तसूभर फरक चालत नाही. खूण करायची नाही, चिठ्ठी लावायची नाही, कारण कॅमेऱ्याला सगळं दिसतं.

मग ओळखायचं कसं? त्यासाठी या विभागाचा जुना रिवाज आहे. कोठीच्या फळीवर उडणारं जहाज दाराकडे तोंड करून ठेवायचं, फुटणारं भिंतीकडे तोंड करून. ज्याला जायचं आहे त्याने दाराकडे बघावं, इतकं साधं. या रिवाजावर मी आठ वर्षांपूर्वी अर्धं पान लेख लिहिला होता. 'काष्ठातले चैतन्य' असं त्याचं शीर्षक होतं. मिस्त्रींनी तो वाचून विचारलं होतं, "यात काष्ठ म्हणजे मीच का?"

आता, अध्यक्ष महोदय, माझी पाच मिनिटं झाली आहेत आणि कौतुकाचा भाग इथे संपतो.

आपल्या सर्वांना ठाऊक आहे ते असं. चित्रणाच्या पहिल्याच दिवशी चुकीचं जहाज सुळक्यावर गेलं. फुटायचं होतं ते कोठीत राहिलं आणि उडायचं होतं ते फुटलं. आपटण्याचा प्रसंग आधी आणि उड्डाण नंतर, हा चित्रपटवाल्यांचा उफराटा क्रम, त्याला इलाज नाही. पण उड्डाण व्हायच्या आधीच उडणारं जहाज गेलं. उरलेलं जहाज तारांवर चढवता येईना. कापलेलं लाकूड, ते दुमडलंच असतं. नवं बांधायला मिस्त्रींनी कमीत कमी चार महिने मागितले आणि त्यांच्या नोकरीचे तीन उरले होते. पाठलाग संगणकावर झाला. विभाग बंद करण्याचा आदेश निघाला. त्या आदेशात कारण दिलं आहे, 'विभागप्रमुखांच्या नजरचुकीमुळे'. एकेचाळीस वर्षं ज्या माणसाने नजरेवर काम केलं, तो या दारातून नजरचुकीचा माणूस म्हणून बाहेर पडतो आहे.

तो 'नजरचूक' शब्द माझा आहे. आदेशाला जोडलेलं कात्रण माझ्या बातमीचं आहे. अपघात झाला त्याच दिवशी मी ती बातमी दिली, आणि सूत्रांनी सांगितलं तसं लिहिलं.

मिस्त्री, तुम्ही ध्वनिक्षेपकवाल्याला खुणा करू नका. तो माझ्याकडे बघतो आहे.

श्रोतेहो, चित्रणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी कोठीत होतो. माझ्या प्रवेशपासावर मिस्त्रींची सही होती. ते हात धुवायला गेले. मला लेखासाठी छायाचित्र हवं होतं. दोन्ही जहाजांची तोंडं खिडकीच्या उजेडाकडे असती तर छान दिसलं असतं, असं मला वाटलं. मी आधी फळीचं एक छायाचित्र घेतलं. मग दोन्ही जहाजं उचलली, खिडकीपाशी शेजारी शेजारी ठेवली आणि दुसरं घेतलं. तेवढ्यात कार्यालयातून फोन आला, मथळ्यासाठी. मथळा एका ओळीत बसत नव्हता. बोलता बोलता मी जहाजं परत फळीवर ठेवली. रिवाज मला पाठ होता, त्यावर अर्धं पान लिहिलेलं होतं. एकाचं तोंड दाराकडे केलं, एकाचं भिंतीकडे. अत्यंत काळजीपूर्वक. फक्त कोणतं कोणतं, हे फोन उचलेपर्यंत मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी माणसांनी येऊन भिंतीकडे बघणारं जहाज उचललं. त्यांनी त्यांचं काम बरोबर केलं.

मी तिथेच होतो, कॅमेऱ्यामागे, लाल दिवा लागल्यावर श्वाससुद्धा न घेण्याच्या अटीवर. जहाज तारेवरून घसरत आलं आणि सुळक्यावर आदळलं. फुटलं नाही. नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, चेचली, एक पंख निखळला, पण दुभंगलं नाही. कोणीतरी हळूच म्हणालं, "म्हाताऱ्याने काप कमी खोल दिले वाटतं." दिग्दर्शिकाबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री म्हणाले, "आणखी एकदा घ्या." तिसऱ्या धडकेला ते फुटलं.

चार दिवसांनी मी टेबलावर छायाचित्रं लावत होतो. पहिल्या चित्रात, फळीवर, दाराकडे तोंड असलेल्या जहाजाच्या मागच्या फळकुटात लाकडाची एक फिकट गाठ होती. तुकड्यांचं छायाचित्र माझ्याच वर्तमानपत्राने छापलं होतं. त्यातही ती गाठ होती.

मी तसाच उठून इथे आलो. मिस्त्री कोठी आवरत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "बसा. चहा सांगतो."

"तुम्हाला कळलं होतं?"

"पहिल्याच धडकेला. आवाज भरीव आला. कापलेलं लाकूड पोकळ बोलतं."

"मग आणखी एकदा घ्या का म्हणालात?"

"नाळ गेली होती त्याची. ते काय परत उडणार होतं? निदान शॉट तरी पदरात पडू दे म्हटलं."

"आणि नजरचूक कशाला कबूल केलीत?"

"कोणी तरी हलवलंय हे कळलं. कोठीत माझ्याशिवाय एकच माणूस आला होता, आणि त्याच्या पासावर सही कोणाची?"

मी म्हणालो, उद्याच्या अंकात दुरुस्ती छापतो, संचालकांना आत्ता जाऊन सांगतो. ते चहा बशीत ओतत म्हणाले, "सांगा की. मग तुम्हाला या फाटकातून आत कोण सोडणार? माझे तीन महिने राहिलेत, वार्ताहरसाहेब. तुमचं लिहिणं राहिलंय. आणि विभाग त्यांना बंद करायचाच होता, दोन वर्षं चाललंय. तुम्ही कारण दिलं नसतंत तर त्यांनी दुसरं शोधलं असतं. बशी घ्या, निवतोय."

मी चहा घेतला. आणि गप्प राहिलो. तीन महिने. याला मी मनाशी आज्ञापालन म्हणत होतो. संस्कृत शिकलेल्या माणसाला भित्रेपणासाठी चांगले शब्द फार लवकर सापडतात.

आज सकाळी मी संचालक महोदयांना भेटून हे सगळं सांगितलं. महोदय, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. आपण म्हणालात की आदेश निघाला आहे, जोडपत्रासह वर गेला आहे, आणि आता कारण बदललं तरी निर्णय तोच राहील. आपलं म्हणणं खरं आहे. दुरुस्ती मी त्यानंतर स्वतः जाऊन उपसंपादकाकडे दिली. ती उद्या आतल्या पानावर चार ओळींत येईल, हवामानाच्या खाली. नजरचूक आठ स्तंभांत गेली होती. याहून मोठी जागा मला मिळाली नाही.

आणि पाठलाग? तो मी गेल्या आठवड्यात खास खेळात पाहिला. मला सांगायचं होतं की तो निर्जीव आहे, त्यात लाकडाचा वास नाही, वगैरे. मी तशी वाक्यं लिहूनही नेली होती. पण जहाज ढगांतून वळलं, मागचं जवळ आलं, आणि मी खुर्चीचा हात धरला. बाई, तुम्ही काम उत्तम केलं आहे. माझ्या शेजारी मिस्त्री बसले होते. मध्येच ते वाकून माझ्या कानात म्हणाले, "वळताना डावा पंख जरा खाली हवा होता." मग थोड्या वेळाने म्हणाले, "पण चांगलंय."

घंटा वाजली आहे. आवरतो.

हा समारंभ घडवून आणणाऱ्या कर्मचारी मंडळींचे, अध्यक्ष महोदयांच्या संयमाचे, ध्वनिक्षेपक बंद न करणाऱ्या गृहस्थांचे आणि एवढं सगळं ऐकूनही अजून माझ्याकडे पाठ न फिरवलेल्या वहिनींचे मी मनापासून आभार मानतो. बोलताना शब्द जास्त झाला असेल, कोणाचा मान राहून गेला असेल, वेळ ओलांडली असेल, तर सभेने उदार मनाने पोटात घालावं.

मिस्त्रींची क्षमा मात्र मी मागत नाही. मागितली तर ते इथल्या इथे देऊन टाकतील, बघा, उठायलाच लागले आहेत. बसा, मिस्त्री. इतक्या सहज मला सुटायचं नाही.