तिलेकचं दूध

बिश्केकच्या कॅन्सर रुग्णालयात आम्ही सगळे केमोसाठी नंबर लावून बसलो होतो. माझ्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण सून होती आणि नारिनहून नुकतीच येऊन पोचलेली तिची सासू.

"आई, तिलेक बाटलीनं प्यायला लागला ना?"

"कुठला! तीन दिवस बाटली थुंकत होता. रडून रडून आवाज बसला त्याचा."

"मग आता काय देता त्याला?"

"कालिपा पाजते."

"जाऊबाई? अंगावर?"

"तिची पोर पाच महिन्यांची आहे. भरपूर दूध आहे तिला."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू उपचार सोडून गाडीत बसली असतीस."

"माझं पोर आहे ते, आई!"

"म्हणून तर उपाशी ठेवलं नाही."

"म्हणजे आता त्याला दोन आया."

"असू देत. तू येईपर्यंत एक तरी घरात नको?"

तेवढ्यात नर्सनं सुनेला हाक मारली, "सिर्गा!"

"आई, जाऊबाईंकडे तो दोन्ही बाजूंना पितो?"

"हो. का गं?"

"माझ्या उजव्या बाजूला तोंडच लावत नव्हता. तिथंच गाठ निघाली."

"दोन्हीकडे पितो, पोरी."

"नीट बघितलंत?"

"समोर बसून बघितलं."

"मग पाजू देत त्यांना," असं म्हणून ती उठली आणि बाही वर सारत आत गेली.