होडीची ताडपत्री

अरे, माझा मामा खाडीतून आला की जेवायच्या आधी होडीवर ताडपत्री बांधतो. रोज! मामी करवादायची, "होडीला नवीन मशीन बसवल्यापासून तुम्हाला बायको दिसत न्हाय!"

परवा मामी भिवंडीला बाजारात गेलेली, तिची सुकट अंगणात वाळत होती आणि अचानक पाऊस! मामाने होडीवरची ताडपत्री ओढली ती थेट सुकटीवर. मामी येऊन बघते तर होडीत पाणीच पाणी.

"येडे झालात काय? मशीन भिजलं ना!"

"मशीन सुकंल गं. तुझी वर्षाची सुकट कुजली असती."

आता होडी रोज मामीच झाकते. जन्मभर होडी चालवलेल्या मामाला सांगते, "सरका, तुम्हाला गाठ मारता येत न्हाय!"